दार्काचा कान

ओरेस्तने स्पीकरवर टाकलेल्या फोनचं तोंड भट्टीच्या प्रेशर स्विचला टेकवलं आणि ओरडला, "लावलास का कान?"

"लावलाय. बोंबलू नकोस, बहिरा तू आहेस, मी नाही," पलीकडून त्याची बायको दार्का म्हणाली. ती यॉर्कटन शहरात बहिणीकडे होती. तो कॅनडातल्या कॅनोरा गावी आपल्या घराच्या तळघरात, घर गरम ठेवणाऱ्या पण आता बंद पडलेल्या भट्टीसमोर गुडघे टेकून बसला होता.

बाहेर उणे बत्तीस होतं. सकाळपासून भट्टीचा पंखा नुसता घुमत होता, ज्योत काही पेटत नव्हती. भट्टीवरचा बारका दिवा लुकलुकून स्विचकडे बोट दाखवत होता. स्विच तपासायचा म्हणजे त्याची रबरी नळी पंख्याकडून सोडवायची आणि गरम बोर्श्ट सूपचा घोट घ्यावा तशी तोंडाने हळूच ओढायची. आत टिक वाजलं की स्विच चांगला. पण धान्य सुकवायच्या यंत्रापाशी उभं आयुष्य काढून ओरेस्तचे कान कामातून गेले होते. म्हणून दर हिवाळ्यात तो नळी ओढायचा, दार्का स्विचला कान लावायची आणि सांगायची, "वाजलं."

या हिवाळ्यात सांगायला कुणी नव्हतं. ऑक्टोबरात बहिणीच्या, स्तेफ्काच्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दार्का दोन आठवड्यांसाठी म्हणून गेली. निघताना तिने विचारलं होतं, "राहशील ना एकटा?" आणि या शहाण्याने तोऱ्यात उत्तर दिलं, "माझं काही अडत नाही कुणावाचून." खुबा बरा झाला, नाताळही गेला. नाताळच्या आदल्या पवित्र संध्याकाळी त्याने गोठवलेले पिरोही, म्हणजे सारणाच्या करंज्या, उकडले, दोन ताटं मांडली आणि एकट्याने खाल्लं. फोनवर दोघं हवेबद्दल बोलायची, कुत्र्याबद्दल बोलायची. 'परत ये' एवढे दोन शब्द त्याच्या घशाशी यायचे आणि तो ते गिळून टाकायचा. दार्काही काही कमी हट्टी नव्हती.

त्यामुळे आज भट्टी बंद पडली तेव्हा त्याला खरं तर बरंच वाटलं. फोन करायला कारण मिळालं.

त्याने स्विचच्या दोन टोकांना मीटरच्या तारा लावल्या होत्या, खात्रीसाठी. नळी ओढली. काटा झर्रकन दुसऱ्या टोकाला गेला. स्विच ठणठणीत होता. आता ती "वाजलं" म्हणणार आणि फोन ठेवणार, या विचाराने त्याला एकदम पोरकं वाटलं.

"काही ऐकू आलं नाही," दार्का म्हणाली.

त्याने पुन्हा ओढली. काटा पुन्हा गेला.

"छे. काहीच नाही."

इतक्या वर्षांत या बाईचा कान एकदाही चुकला नव्हता. ओरेस्त काट्याकडे बघत राहिला. मीटर काय म्हणतोय ते सांगावं, हे त्याच्या ओठांवर आलं होतं.

"मग गेलाच असणार स्विच," तो म्हणाला आणि मीटरच्या तारा काढून टाकल्या.

"फोनवर काय कप्पाळ कळणार? तिथे येऊनच ऐकायला हवं. स्तेफ्काचा नवरा दुपारी गाडीने सोडेल मला."

तो थंडगार पायरीवर बसला. डोळे भरून आले होते, आणि तळघरात ते बघायला कुणी नव्हतं हे बरंच झालं.

"ये दार्का," तो म्हणाला. "फार आठवण येते गं तुझी."

 पलीकडे दार्काने नाक ओढलं आणि नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाली, "येते. पण तोवर गारठून मरू नकोस, म्हाताऱ्या. बाहेर जा आणि धुराच्या पाइपाच्या तोंडावर बर्फ गोठलंय ते फोडून टाक, लगेच पेटेल भट्टी. दर हिवाळ्यात तेच तर असतं."