सरका जरा

रुंद मॉनिटर घेतला तो आम्हा दोघांसाठी. डावीकडे माझं काम, उजवीकडे हिचं शब्दकोडं. पण कुठलीही वेबसाइट उघडली की अख्खा पडदा बळकावायची आणि ही मला कोपरानं ढोसायची, "अहो, सरका जरा!" शेवटी मी ब्राउझरसाठी चार ओळींची स्टाइल, म्हणजे पानाची मांडणी ठरवणारा कोड, लिहिली. माझं प्रत्येक पान डाव्या अर्ध्यात, उजवा अर्धा हिचा.

ही गेली आणि तो पांढरा अर्धा बघवेना. काळजावर दगड ठेवून मी स्टाइल पुसून टाकली.

पानं डावीकडेच राहिली. ब्राउझर बदलला, तरी तेच.

हात टेकले आणि लेकीला बोलावलं. तिनं दारातूनच पाहिलं.

"बाबा, पान तर पूर्ण पसरलंय की."

"अगं, नीट बघ. उजवीकडे सगळं रिकामं आहे."

ती आता पडद्याकडे बघतच नव्हती.

"पण तुम्ही असे भिंतीला चिकटून, अंग चोरून का बसलायत?"

मी खाली पाहिलं. बसलो तेव्हा खुर्ची टेबलाच्या मधोमध होती. आता ती डाव्या भिंतीला टेकली होती. आणखी सरकायला जागाच नव्हती, आणि माझ्या उजव्या बरगडीत पुन्हा, हलकेच, कोपर लागलं.