पाणचट घोट

रविवारी संध्याकाळी सहाला पोरीला चौकातल्या कारंज्यापाशी माझ्या ताब्यात द्यायचं, असं कोर्टानं एबेरला बजावलंय. घटस्फोटानंतर तो एकदाही वेळेवर आलेला नाही. दर रविवारी मी तिथं येरझाऱ्या घालते. पोरीला घेऊन पळाला तर नसेल, या धास्तीनं शेवटी मला रडू फुटतं, आणि मगच हा उगवतो.

आज ठरवलंच होतं, काही झालं तरी रडायचं नाही. रडले नाहीच, तर स्वारी नेहमीपेक्षाही उशिरा, आठला आली. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात येर्बाचा, त्या कडू पाल्याच्या चहाचा, नळी घातलेला पेला, तोंडावर तेच लोचट हसू.

"किनाऱ्याच्या रस्त्यावर गाड्या तुंबल्यात गं. थेट तिथूनच येतोय. गारठली असशील, घे, आत्ताच नवी पत्ती घातलीय."

मी नळीनं एक घोट ओढला. निव्वळ पाणचट. येर्बाची पत्ती इतकी फिकी पडायला एका जागी निवांत बसून, त्याच पत्तीवर पुन्हा पुन्हा पाणी ओतत अख्खा थर्मास रिचवावा लागतो. मी तो घोट त्याच्या बुटांपाशी थुंकून टाकला.

"मिकाएला, कुठं बसला होतात गं?"

पोरीनं समोरच्या फुलवाल्याच्या टपरीकडे बोट दाखवलं. "तिच्या मागे, गाडीत. नेहमी बसतो तिथंच."

एबेर खाकरला. ती मात्र माझ्यावरच फुरंगटली होती.

"तू रडायला लागलीस की मगच उतरायचं असतं ना! मला केवढी शू लागली होती. आज उशीर तूच केलास, आई."