ऊलाँगची परीक्षा

"आधी सुकी पानं, मग पाण्याचा रंग, मग वास," जिना चढता चढता ती त्याला पुन्हा बजावत होती. "आणि वासाची वेळ आली की डोळे मिट. खरा वाटतोस."

तो पाट्या रंगवायचा. टर्पेंटाइन हुंगून हुंगून त्याचं नाक केव्हाच कामातून गेलं होतं. गुलाब आणि फिनेल त्याला सारखंच. आणि तिने जीव लावला तो नेमका यालाच. तिचे वडील चहाच्या पेढीवरचे मुख्य पारखी. त्यांनी मान हलवली तर माल ठेवायचा, नाही तर परत. जावई कसाही चालेल, पण नाक नसलेला माणूस या घरात नको, हे त्यांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं. त्यांचा शब्द फिरलेला तिने कधी पाहिला नव्हता.

म्हणून तिने त्याला डोळ्यांनी चहा शिकवला. उंच डोंगरावरच्या ऊलाँग चहाची पानं देठासकट घट्ट वळलेली असतात, गर्द हिरवी, तुकतुकीत. पाणी पिवळसर हिरवं आणि नितळ निघालं की फुलांचा वास म्हणायचं, सायीचा मऊपणा म्हणायचं, घोट गेल्यावर घशात मागून येणारा गोडवा विसरायचा नाही. पाणी तांबूस निघालं तर भाजक्या दाण्यांच्या वासावर यायचं. रंग कालवणाऱ्या माणसाला हे शिकायला कितीसा वेळ लागणार?

वडील खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. भरपूर उजेड आणि पांढरे कप असल्याशिवाय ते चहाला हात लावत नसत. पेढीवरचे नमुनेसुद्धा घरी आणून याच खुर्चीत पारखत. आईकडे बोट दाखवून, हिच्या हातचंच पाणी लागतं, म्हणत.

आईने वाफाळते कप ठेवले आणि तोंडावर हात धरून एकदा खोकली. तो खोकला जुना होता. चहाच्या धुळीचा, असं सगळेच म्हणत. औषधं करून झाली होती. एरवी बारीकसारीक आवाजावर वैतागणारे वडील त्या खोकल्यावर मात्र कधी चकार शब्द काढत नसत. आई स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"हं, सांगा," वडील म्हणाले.

त्याने सुकी पानं तळहातावर घेऊन न्याहाळली. कपात बराच वेळ पाहिलं. उमललेल्या पानाची कड किंचित लालसर आहे, हेही त्याने टिपलं. मग डोळे मिटले. "फुलं," तो म्हणाला. "पांढरी, नाजूक. आणि मागून साय."

तेवढ्यात तिला वास आला. दूध लागत होतं. ऐकण्याच्या नादात आई गॅस विसरली होती; आता ती गुपचूप आत सरकली. बघता बघता करपलेला वास खोलीभर झाला. नाक असलेला कुणीही एव्हाना उठून धावला असता. हा पठ्ठ्या डोळे मिटून गोडव्याबद्दल बोलत होता. तिने टेबलाखाली त्याचा पाय दाबला. तो प्रेमाने हसला.

वडिलांनी कप खाली ठेवला. "आणखी कसला वास येतोय?"

संपलं, तिला वाटलं.

"नाही," तो म्हणाला. "दुसरा कसलाही नाही."

वडील त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा सैल झाला. "बरोबर. अगदी स्वच्छ चहा आहे," ते म्हणाले. "घरच्या मंडळींना घेऊन या. तारीख ठरवू."

ती स्वयंपाकघरात धावली. खिडकी सताड उघडून आई काळंठिक्कर पातेलं घासत बसली होती. तिला रडूच फुटलं. त्याला वास येत नाही हे तिने आईला सांगून टाकलं. बाबांना सगळं कळलं असणार, आणि तरी माझ्यासाठी ते गप्प राहिले, म्हणाली. वडिलांवर इतकी माया तिला कधी दाटून आली नव्हती.

आईने हात पुसून तिला जवळ घेतलं.

"गप्प कसले राहतात? तू रांगत होतीस तेव्हाच्या तापात त्यांचं नाक गेलं," ती हळूच म्हणाली. "चांगल्या चहाला एकदा, वाईटाला दोनदा. तुला काय वाटलं, मला खोकला आहे?"