खांदेमळणीचा करार

सुज्ञ वाचकहो, एका खेळाडूचा खांदा आणि एका कर्णधाराची स्वाक्षरी यांच्यामध्ये पोळ्याच्या आदल्या सायंकाळी जे घडले, ते येथे यथामती निवेदन करण्यात येत आहे.

वैजनाथने पेनाचे टोपण काढले. अकोले तालुक्यातील आपल्या गावच्या बेसबॉल संघाचा तो कर्णधार. समोर अदलाबदलीचा कागद होता. संगमनेरचा संघ आपला धडधाकट पिचर पार्थ देण्यास राजी होता आणि बदल्यात रॉबिनला मागत होता. रॉबिनने फेकलेला चेंडू फलंदाजास दिसत नसे; परंतु गेल्या तीन हंगामांत रॉबिनही मैदानात फारसा दिसला नव्हता. जिल्हा स्पर्धा महिन्यावर आली होती. उत्तर उद्याच द्यावयाचे होते.

अंगणात वैजनाथची आई बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळीत होती. वर्षभर जू वाहणाऱ्या खांद्यांचा तो मान. बैलाची वेसण धरून उभा होता साक्षात रॉबिन. डाव्या हाताने. उजवा हात गळ्यात बांधलेला होता.

"कागद कसला रं, कॅप्टन?"

"काय न्हाई. पिच्चर बदलायचा म्हनतोय," वैजनाथ खाली मान घालून पुटपुटला.

"बदल की!" आई म्हणाली. "रोज ती मारामारी बघून डोळं दुखत्यात."

कागदावर एक रकाना होता : दुखापतींची कारणे. वैजनाथ प्रामाणिक मनुष्य होता. त्याने लिहिले, 'प्रथम, खांदा. चिखलात रुतलेला टेम्पो ढकलताना.' टेम्पो वैजनाथचा होता. 'द्वितीय, बोट. मांडवाचा खांब रोवताना.' मांडव वैजनाथच्या बहिणीच्या लग्नाचा होता. 'तृतीय, पुनश्च खांदा. विहिरीतून मोटार ओढून काढताना.' विहीर कोणाची, हे लिहिण्यास रकान्यात जागा उरली नाही.

पेन थबकले.

"रॉबिन, मैदानात तुला एकदाबी लागलं न्हाई?"

"मैदानात तू मला कुठं काम सांगतोस?"

आईचे चोळून झाले. तिने बैलांपुढे हात जोडले आणि रीतीप्रमाणे निमंत्रण दिले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

वैजनाथ उठला. कागदाची चौपदरी घडी करून त्याने ती खिशात घातली आणि आईच्या हातातील वाटी घेतली.

"बटनं सोड शर्टाची."

"का रं?"

वैजनाथने हळद-तुपाची बोटे रॉबिनच्या दुखऱ्या खांद्यावर अलगद फिरवली.

"आरं, मी काय बैल हाय का?"

"बैल मी हाय," वैजनाथ म्हणाला. मग त्याने वाटी खाली ठेवली, दोन पावले मागे सरकला आणि दोन्ही हात जोडले.

"आज आवतन घ्या, महिन्यानं खेळायला या. तंवर टेम्पो मी ढकलीन."

एवढे सांगून, हे अल्प लेखन धीराने वाचणाऱ्या सर्वांचा ऋणी,
काकासाहेब आवारी