कुंडीतला कोळसा

त्या साली चिंचवडला पाऊस असा लागला, की दोरीवरच्या लुगड्यात बेडकीनं अंडी घातली. कंपनीच्या साहेबांच्या बंगल्यात बाईसाहेबांची ऑर्किडं मातीत कुजली, वाळूत कुजली, शेणखतात तर दोन दिवसांत. उरलं एकच.

"हे मेलं तर उद्यापासून येऊ नकोस, आक्काबाई."

आक्काबाईच्या घरातली पाच तोंडं बंगल्यातल्या ह्याच बागकामावर जेवायची. तिनं कुंडी रिकामी केली, घरून लाकडी कोळसा आणला, विटांच्या तुकड्यांत मिसळला आणि झाड त्यावर बसवलं. महिन्याभरात असा तुरा लोंबला, की बघता बघता पोस्टमन सायकलीसकट गटारात गेला.

बाईसाहेब हरखल्या. "कसला गं हा कोळसा?"

"आंब्याचा. आमच्या आजेसासऱ्यांनी लावल्याला. तुमची बैठकीची खोली हाय ना, तितंच हुबा व्हता. बंगल्यापायी तोडला, तवा आमच्या मालकांनी फांद्यांचा कोळसा पाडला. ही फुलं त्याच्याच अंगावर ढिगानं यायची, बाईसाहेब."

बाईसाहेबांचा जीव हळहळला.

"अगंबाई! आधी नाही का सांगायचंस? उरलाय तेवढा सगळा घेऊन ये."