तिसऱ्याची तरतूद

"पुलाखाली लावायच्या जाळ्या यंदाही नकोत, महाग पडतात," म्हणत साहेबांनी बजेटातली ती ओळ खोडली आणि बोट खाली सरकवलं. "कामावरचे मृत्यू, तीन. होनराव, गेल्या वर्षी दोनच झाले की. दोनच धरा."

होनराव बत्तीस वर्षं कंपनीचं बजेट मांडत होते. साहेबांपुढे त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं. पण आज त्यांना काही वर्षांपूर्वी कामावर मेलेल्या एका गवंड्याची बायको आठवली. त्या वर्षीची तरतूद आधीच्या दोघांतच संपली, म्हणून भरपाईसाठी ती सात महिने ऑफिसच्या पायरीवर बसून होती.

"साहेब, तीनच राहू द्या," ते हात जोडून म्हणाले. "पाया पडतो तुमच्या."

साहेब हसले. "माणसं मरायची एवढी हौस?" तरी त्यांनी सही केली.

होनरावांचा जीव भांड्यात पडला. आपण काहीतरी मिळवलं, अशा खुशीत ते फाइल घेऊन बाहेर आले. समोर नदीवर, उंच परांचीवर माणसं चढत होती. त्यातल्या एकाने त्यांना ओळखलं आणि वरूनच हात उंचावून रामराम केला.

होनरावांना हात वर करवेना.