गार लागतो का?

जिन्यात चपला वाजल्या, तसा मोतद्दार कोपरांवर रेलून उठला. प्लास्टरमधला पाय उशीवर होता, तो मात्र त्यानं हलवला नाही.

"गार लागला का?" बायको आत यायच्या आधीच त्यानं विचारलं.

"आत तर येऊ द्या मला."

"अगं, सांग ना. गार का गरम?"

बायकोनं पिशवी खिळ्याला अडकवली. "गार."

"पुढच्या दोन्ही पायांना हात लावून पाहिलास? एकालाच लावून काय कळतंय? दोन्ही खूर सारखे लागायला हवेत."

"हात नाहीच लावला."

त्याचा चेहरा पडला.

"गाल लावला," ती म्हणाली. "हातांना काय डोंबल कळतंय? दिवसभर इस्त्री धरून तळव्यांचं चामडं झालंय. इतके दिवस तुम्हाला सांगत होते ते अंदाजानंच. आज म्हटलं, निकाल लागायचाय, आज थापा नकोत. बसले खाली नि लावला गाल. आधी दुखऱ्या खुराला, मग दुसऱ्या."

"साहेबांच्या पायाला?"

"साहेबांच्या. सासूबाईंपुढेसुद्धा इतकी वाकले नव्हते कधी."

मोतद्दार हसला. बऱ्याच दिवसांनी.

साहेब म्हणजे घोडा. त्याच्या खुरात खडा रुतून आत पू धरला होता. दुखरा पाय टेकवेना म्हणून त्यानं दुसरा टाकला, तो नेमका मोतद्दाराच्या पावलावर. "त्याचा काय दोष," असं मोतद्दार स्ट्रेचरवरसुद्धा म्हणत होता. मालकांनी सांगितलं होतं, आज नालबंद येऊन बघेल. खूर अजून तापलेलाच असेल तर हा घोडा ठेवायचा नाही. न ठेवलेला घोडा कुठं जातो, हे तबेल्यात कोणी कोणाला विचारत नाही.

तबेल्यातल्या दुसऱ्या कोणाच्या हातावर मोतद्दाराचा विश्वास नव्हता. म्हणून तो बायकोला पाठवायचा. तिला घोड्याची भीती वाटायची, तरी ती लाँड्रीतून सुटली की जायची. त्यानं तिला एवढंच शिकवलं होतं. गरम म्हणजे आत काहीतरी शिजतंय. गार म्हणजे सुटलो.

"आणि नालबंद? तो काय म्हणाला?"

"येतायत ना मागून. खाली नळावर हात धुतायत."

नालबंद दारातूनच ओरडला, "काय रे लंगड्या! तुझा जोडीदार सुटला. चारी पाय टेकवून उभा आहे. मालकांना तोंडावर सांगून आलो, हा घोडा आपल्या सगळ्यांना पोचवूनच जाणार."

मोतद्दारानं तोंड भिंतीकडे वळवलं. बायकोनं चहाचं आधण ठेवलं.

"आता माझं ऐक," तो डोळे पुसत नालबंदाला म्हणाला. "मीही सुटलो. पाय रात्र रात्र ठणकत होता. काल एकदम थांबला. चिडीचूप. म्हटलं, झालं, आतलं सगळं बसलं."

"बोटांचं काहीतरी सांगत होती ती नर्स," बायको म्हणाली. "बोटांवर लक्ष ठेवा म्हणून. यांनी पुढं बोलू दिलं तर ना! म्हणे, बाई, पायांवर लक्ष ठेवण्यातच माझा जन्म गेला."

"मग, खोटं आहे का? ये इकडं. मोजा काढ. साहेबांचा पाय बघितलास, तसाच माझा बघ."

"काहीतरीच तुमचं. भावजी बसलेत."

"भावजी घोड्यांच्या पायाशीच बसतात. ये."

ती लाजत पलंगाशी गुडघे टेकून बसली. प्लास्टरच्या टोकावरचा लोकरीचा मोजा तिनं ओढून काढला. खिडकीतून उजेड बेताचाच येत होता. बोटं जरा काळसर दिसली. तिनं त्यांना गाल लावला आणि डोळे मिटले.

"गार," ती म्हणाली. मग मान वर करून हसली. "साहेबांपेक्षाही गार."

"बघ! सांगत नव्हतो?"

नालबंद पुढं आला. खाली बसून त्यानं मोतद्दाराच्या अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं.

"दुखतं?"

"छे."

"आता?"

"कुठं दाबतोयस? कळतसुद्धा नाही."

दाबलेली जागा पांढरी पडली होती. नालबंद बघत राहिला. ती पांढरीच राहिली. त्यानं शेजारचं बोट दाबून पाहिलं, मग त्याच्या शेजारचं.

"वहिनी, गॅस बंद करा."

"का हो? झालाच की चहा."

"गॅस बंद करा आणि खाली जाऊन गाडी थांबवा. मिळेल ती."

"काय झालं रे?" मोतद्दार अजून हसतच होता. "गार आहे ना? ती म्हणतेय ना गार आहे?"

नालबंदानं मोजा उचलला आणि बोटांवर हळूहळू चढवायला घेतला. घोड्याच्या पायाशी तो कधी एवढ्या हळू हातानं वागत नसे.

"घोड्याचा गार लागावा, गड्या," तो म्हणाला. "माणसाचा नाही."

बायको दाराशी पोचली होती. एक पाय चपलेत घालून ती तिथंच थांबली. तिनं गालावर तळवा ठेवला. तळव्याला काहीच कळलं नाही. गाल मात्र अजून गार होता.